टाकू नका, साहित्य आहे ते!

...आता बोल तरी कुणाला लावायचा? नवस माझा मीच बोलले होते! हात जोडून, डोळे मिटून म्हटलं, 'देवा, सूनबाईची बालवाडीतली नोकरी कायम होऊ दे, तोवर या घरातून चिंधीसुद्धा बाहेर टाकणार नाही!' उपास धरले असते तर बरं झालं असतं हो... निदान चार किलोंनी हलकी तरी झाले असते!

त्याचं असं झालं, सूनबाई गेली प्रशिक्षणाला. तिथे एक तज्ज्ञबाई आल्या होत्या, प्रेरणा द्यायला. "सख्यांनोऽऽ, टाकाऊ असं जगात काही नसतंच! बाटलीच्या झाकणात गणित आहे, रिकाम्या खोक्यात विज्ञान आहे!" झालं! मोठ्या बाईंनी, म्हणजे तिच्या मुख्याध्यापिकेनं, लगेच फर्मान काढलं : तपासणीच्या दिवशी वर्गात शंभर शैक्षणिक साहित्यं दिसली, तरच नोकरी कायम. शंभर! अहो, वर्गात मुलं बावीस!

मग काय विचारता? खोकी, झाकणं, बटणं, पुठ्ठ्याच्या नळ्या, जोडीदार हरवलेले मोजे... सगळ्यांवर नंबर चिकटवलेले! माझा नवस आणि तिची प्रेरणा, दोन्हींनी मिळून आमच्या ह्यांना पलंगावरून खुर्चीत आणलं नि खुर्चीतून उंबऱ्यावर! बिचारे एकदा तुटकी चप्पल टाकायला निघाले, तर आम्ही सासू-सुना एका सुरात, "टाकू नका, साहित्य आहे ते!" म्हणाले, "मग माझ्याही कपाळावर एक नंबर चिकटवा, मी तरी कुठे कामाचा उरलोय?"

हसता काय? पोरीचा जीव टांगणीला लागला होता! आधीच्या दोन शाळांनी वर्षवर्ष राबवून घेतलं आणि घरी पाठवलं. ही तिसरी. महिनाभर कापतेय, चिकटवतेय, रंगवतेय... बोटांना डिंक, डोळ्यांखाली काजळी.

तपासणीच्या दिवशी पिशव्या धरायला मीही गेले. वाटेत मटार मिळाले ताजे, म्हटलं कोपऱ्यात बसून सोलावेत. बघते तर शंभर साहित्यं कपाटात, ओळीनं, नंबर लावून... आणि कपाटाला हे एवढं कुलूप! मोठ्या बाईंचा नियम. "मुलं हाताळतील, मोडतील! मग साहेबांना दाखवायचं काय?"

साहेब आले. एका गुबऱ्या गालांच्या चिमुरडीला विचारलं, "बाळ, या कपाटात काय आहे गं?" ती तोंड उघडते न उघडते, तोच बावीसच्या बावीस ओरडली, "हात लावायचा नाहीऽऽ!"

सूनबाई पांढरीफटक! मोठ्या बाई, "अय्या, चेष्टेखोर आहेत हं आमची मुलं!" मी आपली देवाला घातलीय हाक... एवढ्यात ती गुबरी माझ्याजवळ. "आजी, मी सोलू?" मला मेलीला कुठले नियम ठाऊक? म्हटलं, "सोल की!" बघता बघता सगळी माझ्याभोवती. "माझ्यात पाच!" "माझ्यात सात!" "ह्यातलं एक बाळ झोपलंय!" साहेब बुटांसकट मांडी घालून खाली! शेंग सोलून म्हणतात, "माझ्यात तीनच गं." तशी सूनबाईच्या अंगात काय संचारलं कुणास ठाऊक, पुढे होऊन म्हणाली, "साहेबांचे सात करायला अजून किती द्यायचे रे?" मुलांनी एकेक दाणा त्यांच्या तळहातावर ठेवला. एक... दोन... तीन... चार! साहेब दाण्यांकडे बघत राहिले, मग सूनबाईकडे. कपाटाकडे वळलेसुद्धा नाहीत. तिथल्या तिथे सही!

पावला हो देव! पोरगी कायम झाली! मी घरी आले, पदर खोचला, पहिलं खोकं उचललं... तर सूनबाई दारात आडवी. "आई, टाकू नका! साहित्य आहे ते! मोठ्या बाईंना आता दोनशे हवीत." आणि मटारांचं काय झालं माहितीये? मोठ्या बाईंनी प्लॅस्टिकमध्ये बंद केले. नंबर एकशे एक. कपाटात. कुलूप!

म्हणून पाया पडून सांगते, तुम्हीही एक नवस बोला. जवळच्या बालवाडीतलं एक कपाट मुलांसाठी उघडेपर्यंत स्वस्थ बसणार नाही, बस, एवढाच. देव ऐकतो हो, माझं ऐकलंच की! आणि रिकाम्या हातांनी उठू नका, दाराशी खोकी ठेवलीत, दोन-दोन उचला... अहो अहो, तिथे रस्त्यात कुठे टाकताय? साहित्य आहे ते!