हुलग्याचा अर्क

बेपत्ता लेकाच्या चौकशीला इगतपुरीकडची एक म्हातारी सुनेला घेऊन आली होती. दवाखान्याच्या बाकावर दोघी माझ्या शेजारीच बसल्या.

"आत्याबाई, धरणात घावलेल्याचा चेहरा राहिला नाय. म्हणून मांसाच्या तुकड्यावरून रक्ताचा गट बघतायत."

"तो कसा?"

"हुलग्याचा अर्क लावून. ए गट असला की चिकटतो."

"समाधानचा कोणता?"

"ए. कारखान्यात रक्त दिलेलं त्यांनी."

"त्यानं जन्मात हुलग्याच्या माडग्याला तोंड लावलं नाय. त्याला कशाला चिकटतोय?"

"तसं नसतं, आत्याबाई."

"असू दे. मला बोलू दे."

दार उघडून डॉक्टरीणबाई बाहेर आल्या.

"आजी, हुलग्याचा अर्क चिकटला नाही, दुसरं औषधही नाही. तो तुमचा मुलगा नव्हे."

सून पदरात तोंड घालून रडायला लागली.

"उठा आत्याबाई, गाडी जाईल."

"थांब जरा. बाई, मग त्याच्या आईला कोण सांगणार?"