रेनीला दिसलेले काजवे

शीला : डोकं फुटतंय म्हणतेस आणि लिपस्टिक कसली लावतेस, इमानी? दवाखान्यात जायचंय, लग्नाला नाही.

इमानी : दोन मिनिटं, आई. ते मोत्याचे कानातले द्या ना.

ईश्वर : करू दे तिला, आई. बाळाची सीट गाडीत लावलीय मी.

शीला : अरे, तुझी बायको ओली बाळंतीण आहे. आठवडा नाही झाला. पाय बघ कसे सुजलेत! ही काय नटायची वेळ आहे?

इमानी : नटत नाही, आई. काल जुना टी-शर्ट घालून गेले होते. डोक्याला फडकं. ईश्वर ऑफिसात, तुम्ही बाळाजवळ, मी एकटी. नर्सने आधी विचारलं, ड्रग्ज घेतेस का. मग विचारलं, बाळाचा बाप कोण ते माहीत आहे ना.

शीला : अगं, कॉलेजात शिकवते म्हणून सांगायचं!

इमानी : सांगितलं. “छान,” म्हणाली. बीपी वाढलेलं तिलाही दिसलं. म्हणाली, टेन्शन घेतलंस. डोकेदुखीची गोळी दिली आणि घरी पाठवलं.

शीला : आणि तू आलीस? भांडायचं नाही?

इमानी : भांडले तर सिक्युरिटी येते. हळू बोलले तर वाटतं, हिला एवढं काही दुखत नाही. या देशात काळ्या बाईने किती आवाजात बोलायचं, ते मला अजून कळलं नाही, आई.

ईश्वर : चल ना, प्लीज. बाकीचं गाडीत लाव.

इमानी : रेनी एकदाही ओरडली नाही.

शीला : रेनी म्हणजे तुझी धाकटी बहीण ना? बाळंतपणात गेलेली?

इमानी : बाळंतपण चांगलं झालं. ती नंतर गेली. मी तिच्याजवळच बसले होते. सारखी बेल वाजवायची आणि नर्स आली की आधी सॉरी म्हणायची. आमच्या मम्मीने तसंच शिकवलं होतं. शेवटी मला म्हणाली, खोलीत काजवे शिरलेत.

शीला : काजवे?

इमानी : डोळ्यांपुढे काहीतरी चमकतं. आई... मला सकाळपासून तेच दिसतंय. आरशात माझा चेहरा नाही दिसत. तिचा दिसतो.

शीला : ठेव ते कानातले! ईश्वर, धर हिला.

इमानी : असंच नका नेऊ. असं गेलं की ऐकत नाहीत.

शीला : बघते कोण ऐकत नाही ते. याच्या जन्माच्या वेळी आपल्याकडे तालुक्याच्या दवाखान्यात माझं आडनाव ऐकलं आणि नर्सने मला हातसुद्धा लावला नाही. व्हरांड्यात पडून होते. माझ्या बाजूने बोलायला कोणी नव्हतं. तुझ्या बाजूने आम्ही आहोत. ऊठ, बाई.

(दुसऱ्या दिवशी दुपारी. हॉस्पिटलची खोली.)

इमानी : बाळ कुठे आहे?

शीला : ही काय, माझ्या मांडीवर. दूध पिऊन झोपलीय.

ईश्वर : बीपी खाली आलंय. डॉक्टर म्हणाल्या, अजून उशीर केला असता तर फिट आली असती. स्ट्रोकसुद्धा.

इमानी : काल लगेच आत कसं घेतलं?

ईश्वर : काउंटरवर मी बोललो.

इमानी : काय बोललास?

ईश्वर : डिलिव्हरी नुकतीच झालीय, डोकं दुखतंय, पाय सुजलेत, बीपी वाढलंय.

इमानी : हे तर मी सांगितलं होतं.

ईश्वर : हो. तेच. मला सर म्हणाले आणि व्हीलचेअर घेऊन पळत आले. बरं वाटायला हवं होतं, यार. नाही वाटलं.

इमानी : आणि तू ऑफिसात असतास तर?

ईश्वर : नको ना असं बोलू. मी कम्प्लेंट करणार आहे.

इमानी : तू नाही. मी करेन. या वेळी माझ्या तोंडून ऐकतील.

शीला : कर, बाई. आम्ही शेजारी उभे राहू. पण आधी जरा झोप.

इमानी : झोपायची भीती वाटते.

शीला : धोका टळला म्हणाल्या ना डॉक्टरीणबाई?

इमानी : रेनीलाही तेच सांगितलं होतं.

शीला : बरं. मग मी त्या बीपीच्या मशीनकडे नाही बघत. तुझ्याकडेच बघत बसते.