पाटीचा खड्डा

सन्माननीय अध्यक्षमहोदय, व्यासपीठावरचे जमीन संवर्धन खात्याचे साहेब, आपल्या ओढाकाठ मंडळाचे सगळे सभासद, आणि आज पहिल्या रांगेत अवघडून बसलेले आपले सत्कारमूर्ती दादा आणि वहिनी,

अध्यक्षांनी मला दोन शब्द बोलायला सांगितलं आहे. दोन शब्दांत आटोपलं असतं तर किती बरं झालं असतं!

माझं ओढ्याकाठचं रान दादांनी वीसेक वर्षं वाट्याने कसलं. जमीन माझी, घाम त्यांचा, पीक निम्मं निम्मं. आमचे हे गेले तेव्हा "बाई, तुम्ही निर्धास्त राहा," असं सांगणारा हा एकच माणूस होता. आणि मी खरोखरच निर्धास्त राहिले. नांगर कुठल्या बाजूने धरतात ते मला आजही ठाऊक नाही.

मग योजना आली. ओढ्याकाठी नांगर घालू नका, गवत वाढू द्या, माती वाहून जाणार नाही, सरकार दरवर्षी अनुदान देईल. साहेब, योजनेला मी नावं ठेवत नाही. ओढ्याचं पाणी आता तळ दिसेल इतकं नितळ झालंय. पण अनुदान मिळतं ते ज्याच्या नावावर जमीन त्याला. कसणाऱ्याचं काय, हे त्या दिवशी कोणी विचारलं? साहेबांनी नाही, मंडळाने नाही. मला सुचलं होतं. मी गप्प बसले.

सही करून आले, पण दादांना सांगायला तोंड उघडेना. आज सांगू, उद्या सांगू, असं चाललं होतं, तेवढ्यात खात्याची पाटी आली. ती रोवायला खड्डा हवा. तो खणायला मी कोणाला बोलावलं असेल? दादांनाच! त्यांनी चांगला गुडघाभर खणला, दगड ठोकून खांब पक्का केला. चष्मा घरी राहिला होता, म्हणून वहिनींना म्हणाले, "वाच गं, काय लिहिलंय." वहिनींनी मोठ्याने वाचलं, "संरक्षित क्षेत्र. मशागतीस मनाई." मी बांधावर छत्री धरून उभी होते.

दादा चिडले असते तर मला सोपं गेलं असतं. ते हसून म्हणाले, "बाई, साहेबांना विचारा ना, काही न करायचे पैसे मलापण देतील का? मीही अगदी मन लावून बसून राहीन." यावर मीही हसले. त्या हसण्याची लाज अजून जात नाही.

आत्ताच मंडळाने त्यांना भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं. त्यांची शेतावरची राहती खोली उद्या रिकामी होणार. मग घड्याळ लावायचं कुठल्या भिंतीवर? असो.

माझं वरचं रानही योजनेत जायचं होतं. काल मी साहेबांना नको म्हणून कळवलं आणि तशीच दादांकडे गेले. म्हटलं, "वरचं रान कसायला घ्या, पण राहा." वहिनी गोणीचं तोंड शिवत होत्या. सुई न थांबवता म्हणाल्या, "बाई, हे पाटीच्या आधी सांगायचं होतं. आता यांना शहरात गोदामावर काम लागलंय, धाकटीचं नाव तिकडच्या शाळेत घातलंय." दादा मला बसायला पाट शोधत होते, तोही बांधाबांधीत कुठेतरी गेला होता.

मंडळाचे, साहेबांचे, चहा करणाऱ्या मंडळींचे मनापासून आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सभेने पोटात घालावं. दादा, वहिनी, तुमच्याकडे मात्र मी क्षमा मागत नाही. मागितली तर तुम्ही लगेच द्याल, आणि मी पुन्हा निर्धास्त होईन.