पटावरचं दहावं नाव

राजेश्री मॅडम : दाखला सोडून दुसरं काहीही मागा, चतुराबाई.

चतुराबाई : दुसरं काय मागू? नातीला ताडकळसला ठेवायचं ठरलंय, माझ्या लेकीकडं. तिथल्या शाळंत जाईल अपेक्षा.

मॅडम : अहो, पटावर दहाच मुलं राहिलीत. सोमवारी साहेब मोजायला येणार. दहाच्या खाली आलो की शाळा बंद करायचा कागद वर जाणार. अपेक्षा गेली की नऊ.

चतुराबाई : ठावं हाय. रोज खिचडी मीच शिजवते की.

मॅडम : तेही काम जाईल मग तुमचं.

चतुराबाई : जाऊ द्या.

मॅडम : माझी बदली झाली तर होऊ दे. पण बाकीची नऊ पोरं नदीपलीकडच्या शाळेत कशी जाणार? बजरंगची आई आत्ताच म्हणते, एवढ्या लांब धाडायचं तर घरीच बसवीन. चार दिवस झाले, घास गिळवत नाही मला.

चतुराबाई : तुमी कमी केलं न्हाई, मॅडम. व्यंकटरावांच्या दारात हात जोडले, नातवाला पाठवा म्हणून. त्येंची गाडी परभणीच्या इंग्रजी शाळंला जायची ती जायलीच.

मॅडम : मोठ्या घरची गेली. ऊसतोडीवाल्यांची दिवाळीनंतर जातील. आता तुम्हीही निघालात. माझं शिकवण्यात काही चुकलं का?

चतुराबाई : न्हाई वो. शिकवण्याला नाव ठिवलं तर जीभ झडंल.

मॅडम : मग निदान सोमवारपर्यंत थांबा.

चतुराबाई : गेल्या सालीबी असंच थांबले. तवा धनश्री तरी होती. ती गेली, आता नऊ पोरं अन् ही एकली पोरगी.

मॅडम : मी आहे ना तिच्याजवळ.

अपेक्षा : तुमी तर मॅडम.

मॅडम : तू दारात कधीपासून उभी? ये आत. पोरं त्रास देतात का गं तुला?

अपेक्षा : न्हाई. कुणीच काई म्हणत न्हाई.

मॅडम : मग काय होतं?

अपेक्षा : मधल्या सुट्टीत मी आजीपशी भांडी घासते.

मॅडम : तुला आवडतं म्हणून घासतेस, असं वाटायचं मला.

चतुराबाई : सांग की मॅडमला, घरी काय म्हणलीस ते.

अपेक्षा : मला कट्टी घ्यायलाबी कुणी न्हाई.

(मॅडम कपाटातून दाखल्यांचं पुस्तक काढतात.)

मॅडम : शाळा सोडण्याचं कारण काय लिहू, चतुराबाई?

चतुराबाई : तुमाला बरं वाटंल ते लिवा. सोमवारी साहेबाला काय सांगताल?

मॅडम : नऊ आहेत म्हणून सांगेन. अपेक्षा, धर हा कागद. चुरगाळू नकोस.

अपेक्षा : मॅडम, तिथं चौथीत मुली किती हायत?

मॅडम : असतील की चौदा-पंधरा.

अपेक्षा : मला घेतील का त्या?