चार टॅब्लेट अन् बाबाचा एकच प्रश्न

टॅब्लेट घ्याचा असन, तर माह्या बाबाले संग न्या. नातीसंग व्हिडिओवर बोलाले त्यायले मोठा पडदा पाह्यजे होता, म्हणून आमी अकोल्याले गेलो. सेल्समननं चार टॅब्लेट मांडले: साधा, लाइट, प्लस अन् प्रो.

"लाइटचा पडदा प्लसएवढाच. प्लसची बॅटरी प्रोएवढीच. प्रोचा कॅमेरा मात्र लाइटचाच."

माह्यं डोकं गरगरलं. बाबा कपाशीचं बियाणं घेतानी दुकानदाराले जे इचारतेत, तेच त्यायनं इथं इचारलं, "तू सोताच्या वावरात कोणतं लावलं, थे सांग."

सेल्समन हासला. त्यानं पिशवीतून आपला जुना टॅब्लेट काढला. "काका, चार वर्षं झाले, एकदाही बिघडला नाही."

"मंग हाच दे."

अन् खरंच घेतला! आता बाबा रोज नातीसंग बोलतेत. सेल्समन तेवढा अजून सोतासाठी त्या चारातला कोणता घ्याचा, याचाच इचार करून राहिला.