डेव्हलपरचा डबा

महाड स्टँडवर पोलादपूरची गाडी अजून लागली नव्हती. माझ्या मागच्या बाकावर मायलेक बोलत होते.

"स्वराज, तो गेमचा डबा बंद कसा पडला रे?"

"बंद नाय गो आये. त्याचं फर्मवेअर बदललं, म्हंजे आतलं डोकंच. आता तो डेव्हलपरचा झालाय."

"कुठल्या डेव्हलपरला विकलास?"

"विकला नाय गो! त्याच्यावर मी स्वतः गेम बनवणार."

"नि तुझा बापूस रोज गाडी पळवतो, तो खेळ?"

"तो आता चालणार नाय."

"मग तुझा कधी चालंल?"

"वर्षभर तरी लागंल."

"आपल्या माळावर डेव्हलपर आला, तवापण असंच. गुरांची वाट पहिल्याच दिवशी बंद केली, नि बंगले अजून बोर्डावरच हायत!"