मूठ नाकाशी

नाही हो डॉक्टर, पाण्याचं काही नाही — पाणी रोज बदलतो, भांडी मी स्वतः घासतो. तुम्ही लिहा, खाण्यातूनच झालं. एकोणीस ससे गेले. ही सगळी ओळ, आणि कोपऱ्यातली ती काळी, ती तर गाभण होती. पोटं टम्म फुगलेली, दात करकर वाजवत बसायचे नुसते — सशाला ओकता येत नाही ना, आत गेलं ते गेलं. तुम्हाला काय सांगायचं म्हणा, तुम्ही शिकलेले. घरात सध्या माझ्याशी कुणी धड बोलत नाही, म्हणून तुमचं डोकं खातोय.

खाणं ना? विकतचं नाही घालत आम्ही. शेतात उरतं ते — गाजराचा पाला, वाटाण्याची टरफलं, गिरणीतला कोंडा, शेंगा तोडून झाल्या की भुईमुगाचा वाळलेला पाला. लोक फेकून देतात, आमचे ससे खातात. एकच नियम — माझाच, वीस वर्षांचा — मूठ उचलायची, नाकाशी धरायची, मगच पिंजऱ्यात टाकायची. बुरशी डोळ्याला दिसायच्या आधी नाकाला कळते. सून आली तेव्हा तिलाही हेच शिकवलं. शिकली, माझ्याहून चांगलं शिकली — असो. तर त्या दिवशी तिनं न हुंगता टाकलं. म्हणजे, असं मी म्हटलं. भरल्या ताटावर म्हटलं, मुलगा होता, तिचे आईवडील आलेले — हिच्या हयगयीनं जीव गेले म्हटलं. तिनं ताट उचललं, आत गेली. आता रविवारी मुलगा-सून दोघं भाड्याच्या खोलीत राहायला चाललेत. दारातली खोकी बघितलीत ना, ती त्यांचीच.

ते पोतं? हो, त्या दिवशीचं तेच. सोडा तोंड, घ्या नमुना. — का हो, मागे का सरलात? वास येतोय? इतका? ... मला नाही येत. कसलाच नाही येत. दोन वर्षं झाली, त्या मोठ्या तापानंतर गेला तो गेलाच. सांगणार कुणाला — नियम करणारा मीच. मूठ नाकाशी धरतो, मान हलवतो, टाकतो. हाताला दमट लागतं का ते बघून निभावलं इतके दिवस. त्या दिवशी ती म्हणाली होती, बाबा, या पोत्याला वास येतोय. म्हणाली होती हो. मी तिच्या हातातली मूठ घेतली, नाकाशी धरली, म्हटलं, काही नाही, टाक. तिनं टाकलं.

मग ताटावर बोलली का नाही, असंच ना? मीही रोज तेच विचारतो स्वतःला. मागे एकदा स्वयंपाकघरात गॅस चालू राहिला होता. पेटलेला नाही, नुसता चालू. मी तिथंच खुर्चीवर पेपर वाचत बसलेलो, खुशाल. ती धावत आली, बंद केला, खिडक्या उघडल्या, माझ्याकडे बघत राहिली जरा वेळ. मुलानं विचारलं तर म्हणाली, माझ्याकडूनच राहिला. मला वाटलं, चला, सुटलो. — म्हणजे तिला तेव्हापासून ठाऊक आहे, डॉक्टर. ठाऊक असून मूठ मला घेऊ दिली. मी नको टाकू म्हणीन, याची वाट बघितली असेल तिनं. आणि मी सगळ्यांच्या देखत तिलाच... लाज वाटते हो. दमलोय मी या नाकाला सांभाळून.

झाला नमुना घेऊन? मग कागदावर माझंच नाव घाला. हो, माझंच, खाणं कुणी दिलं तिथं. आणि निघा आता तुम्ही — नाही, राग नाही, पण निघा. ती इकडेच येतेय. — सूनबाई, चहा राहू दे. डॉक्टर चाललेत. तू बस इथं जरा.